नवी चेन टाकूनही गिअर का सुटतो, आणि नागपुरात सायकलचं दुकान कसं पारखावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून नोकरीसाठी नागपूरला आलेल्या एक ताई मनीषनगरला राहतात आणि मिहानला कामाला जातात. त्यांनी सोबत आठ गिअरची, डिस्क ब्रेकवाली हायब्रिड सायकल आणली आहे, ऑनलाइन घेतलेली. इथे आल्यावर त्या तीन दुकानांत गेल्या. पहिल्या मोठ्या दुकानात "ही आमच्याकडची नाही" म्हणून परत पाठवलं, आणि जाता जाता नवीन मॉडेल दाखवलं. दुसऱ्या दुकानदाराने चेन आणि ब्रेक पॅड बदलून बावीसशे रुपये घेतले, कागदावर नुसता आकडा लिहून दिला. तेव्हापासून चढावर जोर लावला की पॅडल झटका देतं. शिवाय सायकल ताईंची असूनही तो सगळा वेळ सोबत आलेल्या भावाशीच बोलत होता. तिसरा रस्त्याच्या कडेचा मिस्त्री. त्याने पन्नास रुपयांत गिअर थोडे बरे करून दिले, पण चेनवर तेलाचा स्प्रे मारताना तो मागच्या डिस्कवरही उडाला, आणि आता ब्रेक ओरडतो पण धरत नाही. ताई विचारतात, नागपुरात भरवशाचं एकही दुकान नाही का? असलं तर ओळखायचं कसं?

आहेत, बरीच आहेत. मी नाव घेऊन सांगणार नाही, कारण मी स्वतः याच धंद्यात आहे. वडिलांचं दुकान इतवारीत होतं, काळ्या २८ इंची सायकलींचे छर्रे धुता धुता मी हे काम शिकलो. मी कुणाचं नाव घेतलं तर ती जाहिरात होईल, आणि नाही घेतलं तर आकस वाटेल. पण ओळखायचं कसं, हे मात्र खात्रीने सांगू शकतो.

आधी तुमच्या सायकलचं बघू, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे.

चेनचा पिच, म्हणजे एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर, अर्धा इंच असतो. म्हणजे बारा इंचांत बरोबर चोवीस पिच बसतात. पिना आणि त्यांच्या आतल्या बाजू झिजल्या की हे अंतर वाढतं, त्यालाच आपण चेन लांबली म्हणतो. स्टीलची पट्टी लावून पाहा. बारा इंचांच्या जागी अर्धं सूत जास्त भरलं (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), तर चेन अर्धा टक्का झिजली. तेव्हाच ती बदलावी. एक सूत भरलं म्हणजे एक टक्का, आणि मग फक्त चेन बदलून भागत नाही. लांबलेल्या चेनने मागच्या चकत्यांचे दात स्वतःच्या मापाने खाल्लेले असतात. त्यावर नवी, नेमक्या मापाची चेन चढवली की ती दातांच्या बुडाशी बसत नाही, वर चढते आणि जोर पडला की उडी मारते. तुम्ही सांगता तो झटका बहुतेक हाच आहे. खात्री करायची असेल तर सगळ्यात मोठ्या चकतीवर, जी आपण क्वचितच वापरतो, तिच्यावर चेन घ्या आणि चढावर जोर लावा. तिथे झटका येत नसेल आणि रोजच्या मधल्या दोन-तीन चकत्यांवर येत असेल, तर कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, गेली आहे असं समजा. डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे तो जिच्यावर टांगलेला असतो ती पट्टी, वाकला असता तर त्रास वेगळा असता. गिअर नीट पडला नसता, खरखर आली असती, आणि ती सायकल स्टँडवर असतानाही ऐकू आली असती.

आता दुसऱ्या दुकानदाराचा न्याय करू. त्याने चेन बदलली ते कदाचित योग्यच होतं. पण चेन काढली की कॅसेटकडे एकदा बघायचं असतं, आणि ग्राहकाला सांगायचं असतं: "चेन बदलली तर कॅसेटही बदलावी लागेल, एवढा खर्च येईल, करू का?" हे तो बोलला नाही. मला हा माणूस लबाड वाटत नाही, पण त्याने तुमच्या निर्णयाचा हक्क काढून घेतला. खर्च आधी कळला असता तर कदाचित तुम्ही म्हणाला असता, जुनीच चेन आणि जुनीच कॅसेट दोन्ही पूर्ण झिजेपर्यंत चालवते, मग एकदम बदलू. तोही शहाणपणाचाच मार्ग आहे, पुष्कळ जण तो घेतात.

ब्रेकचं सोपं आहे, पण हयगय करू नका. डिस्कवर तेल गेलं की पॅड ते शोषून घेतात. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, स्वच्छ सुती कापडावर घेऊन डिस्क दोन्ही बाजूंनी पुसा, कापड बदला, पुन्हा पुसा. पॅड काढून बारीक पॉलिश पेपरवर हलके घासा. तेल वरवरच गेलं असेल तर पॅड वाचतील, नाहीतर नवे घ्यावे लागतील; आणि ते जेमतेम बदललेले असताना पुन्हा बदलावे लागतात याचं मला खरंच वाईट वाटतं. तोवर उड्डाणपुलावरून उतरताना पुढच्या ब्रेकवर विसंबून वेगात येऊ नका. आणि यापुढे कुणालाही डिस्कच्या सायकलवर स्प्रे मारू देऊ नका. चेनच्या आतल्या बाजूला एकेका कडीवर तेलाचा थेंब सोडायचा, पॅडल उलटं फिरवायचं आणि वरचं तेल कापडाने पुसून टाकायचं. चेनला तेल आत लागतं, बाहेर लागलेलं तेल फक्त आपल्या काळ्या मातीची धूळ गोळा करतं.

तुम्ही ज्याला पन्नास रुपयेवाला मिस्त्री म्हणता, त्याच्याबद्दल एक सांगावंसं वाटतं. नागपुरातले बहुतेक जुने मिस्त्री एका गिअरच्या सायकलींवर तयार झालेले. चाक आउट झालं, म्हणजे डुलत फिरायला लागलं, तर हाताने स्पोक ताणून सरळ करणं, एक्सलचे कोन (छर्रे जागेवर धरणारे शंकूसारखे नट) आणि छर्रे डोळे मिटून बसवणं, यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. डिस्क, हायड्रोलिक लाइन, आठ-नऊ-दहा गिअरची इंडेक्सिंग (एका क्लिकला बरोबर एक गिअर पडेल अशी जुळवणी) हे सगळं नंतर आलं, आणि त्यांना ते शिकवायला कुणी बसलं नाही. २०१७ मध्ये आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी रेस अक्रॉस अमेरिका, ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, एकट्याने पूर्ण केली, तेव्हापासून इथे रोड सायकल घेऊन येणारे तरुण दिसायला लागले. पुढे २०२० च्या लॉकडाऊननंतर तर गिअरच्या सायकली घरोघरी आल्या. सायकली भराभर वाढल्या, हात तेवढ्या वेगाने तयार झाले नाहीत. म्हणून पंक्चर, चाकाचं आउट काढणं, कॅरियर-मडगार्ड-स्टँड यासाठी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे बिनधास्त जा. डिस्क आणि गिअरसाठी मात्र ते काम रोज करणारा माणूस शोधा. दोन्ही कामं एकाच ठिकाणी व्हायला पाहिजेत असं काही नाही.

पहिल्या दुकानाने परत पाठवलं, याचा राग मी समजू शकतो. तरी त्यामागचं गणितही ऐका. साध्या सायकलीवर दुकानदाराला फार सुटत नाही. दुकान चालतं ते दुरुस्तीवर आणि हेल्मेट, लाइट, लॉक अशा वस्तूंवर. त्यात ग्राहक येतो, तासभर सायकली चालवून पाहतो, फोटो काढतो आणि दुसऱ्या दिवशी ऑनलाइन मागवतो. हे महिन्यात अनेकदा घडलं की माणूस कडू होतो. शिवाय खोक्यातून आलेल्या सायकलीची जोडणी घरी झालेली असते, आणि तिच्यात काय बिघडवून ठेवलंय ते उघडल्याशिवाय कळत नाही. सगळ्यात जास्त दिसतो तो डाव्या पॅडलचा घोटाळा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या उलट दिशेने आवळतं. घरी लोक उजवं पॅडल डावीकडे लावतात, जात नाही म्हणून पान्यावर पाय देतात, आणि क्रँकचे, म्हणजे पॅडल ज्या दांड्यावर बसतं त्याचे, आटेच छिलतात. अशी सायकल दुकानात आल्यावर दुकानदाराने हात लावला की क्रँक "त्यानेच खराब केला" असं ठरतं. ही भीती खोटी नाही.

पण भीती असली तरी तिच्यावर उपाय आहे. सायकल घेतानाच ग्राहकासमोर तपासायची, जे मोडलंय ते दाखवायचं, लिहून घ्यायचं. चांगला दुकानदार हेच करतो आणि जोडणीचे वेगळे पैसे मोकळेपणाने सांगतो. "आमच्याकडून घेतली नाही" म्हणून सरळ हाकलून देणारा माणूस दुरुस्तीचं दुकान चालवत नाही, तो सायकली विकतो एवढंच. तिथे नवी घ्यायची असेल तर जा. वॉरंटीचं मात्र वेगळं आहे. ती कंपनीची असते, तिचं काम कंपनीने नेमलेला डीलर करतो, आणि तो कागदपत्रं मागणारच. तुमचं ऑनलाइन बिल आणि वॉरंटी कार्ड मोबाईलमध्ये ठेवा. फ्रेमवरचा नंबर, जो बहुतेक सायकलींना बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे दोन्ही क्रँक जिथे फ्रेमला जोडतात त्या भागाच्या, खाली ठोकलेला असतो, त्याचाही फोटो काढून ठेवा. चोरी झाली तर पोलिसांत तोच नंबर लागतो.

आता दुकान पारखायचं कसं ते सांगतो. दुकानाचा दिवा, काचा, भिंतीवरचे पोस्टर हे सगळं विसरा. तुमची सायकल हातात घेतल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तो काय करतो, एवढंच पाहा. जाणता माणूस पाना उचलण्याआधी विचारतो. आमच्या नागपुरी बोलीत, "कधीपासून होऊन राहिलं ताई असं? चढावर होऊन राहिलं का सपाटीवर पण?" मग पुढचा ब्रेक दाबून हँडल मागे-पुढे ढकलतो, हेडसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमध्ये, खेळ आहे का ते हाताला कळतं. क्रँक धरून आडवा हलवतो. मागचं चाक उचलून फिरवतो आणि कान लावतो. स्पोकच्या जोड्या चिमटीत दाबत जातो, एखादा सैल असेल तर लगेच सापडतो. चेनवर झीज मोजायचं गेज लावतो. आणि मग, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, स्वतः बसून चालवून बघतो. स्टँडवर बहुतेक सायकलींचे गिअर छान पडतात. अंगाचा भार आणि पायाचा जोर पडल्याशिवाय गिअरचं खरं दुखणं बाहेर येत नाही. दुरुस्तीनंतरही त्याने चालवून पाहिली पाहिजे, आणि जमलं तर तुम्हीही, पैसे देण्याआधी, सेमिनरी हिल्सवर किंवा जवळच्या एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर एक चक्कर मारून यावं. यावर आक्षेप घेणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

पंक्चरसारख्या किरकोळ कामातही हीच पारख होते. आपल्याकडे रिंग रोडच्या बाहेर पडलं, गोरेवाडा किंवा कळमेश्वरकडे गेलं, की बाभळीचे काटे ठरलेले. काट्याचं टोक टायरमध्ये मोडून राहतं, ते बाहेरून दिसत नाही. घाईतला माणूस ट्यूबला पॅच मारतो, टायर चढवतो, हवा भरतो, आणि तुम्ही घरी पोचेपर्यंत पुन्हा चाक बसतं. जाणता माणूस टायरच्या आतून बोटं फिरवतो, सावकाश, पूर्ण गोल. कधी कापसाचा बोळा फिरवतो, कापूस जिथे अडकतो तिथे काटा. मग चिमट्याने काढतो. रिम टेप, म्हणजे स्पोकच्या टोकांपासून ट्यूब वाचवणारी रिमवरची पट्टी, सरकली आहे का तेही बघतो. उन्हाळ्यात लोक म्हणतात "उन्हाने ट्यूब फुटली." मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो हे खरं, पण पहाटे २५ अंशांना ६० पीएसआय भरलेली हवा ४५ अंशांना साधारण ६५ पर्यंत जाते, एवढ्याने धडधाकट ट्यूब फुटत नाही. फुटते ती सरकलेल्या टेपवर घासलेली, टायरखाली चिमटलेली, किंवा सोल्युशन नीट सुकायच्या आत पॅच चिकटवलेली. कारण विचारल्यावर "ऊन" एवढंच उत्तर आलं तर जुनी ट्यूब मागून घ्या आणि भोक कुठल्या बाजूला आहे ते बघा. आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर दोष टेपचा किंवा रिमचा आहे, रस्त्याचा नाही.

तुमच्या भावाशी बोलण्याचं जे तुम्ही लिहिलंत, ते मी माझ्या धंद्यातल्या लोकांसाठी मुद्दाम ठळक करतो. हे रोज घडतं. बाई सायकल चालवते, दुकानदार सोबतच्या पुरुषाला गिअर समजावतो. यात अपमान तर आहेच, पण कामही बिघडतं, कारण झटका कुठल्या चढावर येतो हे भावाला माहीतच नसतं. सीटची उंची मोजायची तर चालवणारीला बसवावं लागतं: टाच पॅडलवर ठेवून पॅडल सगळ्यात खाली गेल्यावर गुडघा सरळ होईल एवढी सीट वर पाहिजे, मग चवड्याने चालवताना गुडघ्यात योग्य तो बाक राहतो. ब्रेकच्या लिव्हरचं अंतर बोटांच्या लांबीप्रमाणे आत घेता येतं, बऱ्याच लिव्हरला त्यासाठी छोटा स्क्रू असतो, आणि लहान हातांच्या माणसाला त्याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. हे कुणी स्वतःहून करून दिलं तर ते दुकान लक्षात ठेवा. लहान मुलांच्या बाबतीतही तसंच. वाढत्या अंगाची म्हणून एक साइज मोठी सायकल मागणाऱ्या आईबापांना "आत्ता याचा पाय टेकत नाही, ब्रेक हातात येत नाही, वर्षभर थांबा" असं सांगून हातचं गिऱ्हाईक सोडणारे दुकानदार नागपुरात आहेत. मी त्यांना ओळखतो, आणि मोठ्या माणसांच्या सायकलीही मी त्यांच्याच भरवशावर पाठवतो.

वेळेचंही भान ठेवा. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे जूनचे शेवटचे आणि जुलैचे पहिले दिवस प्रत्येक दुकानात शाळेच्या सायकलींचा ढीग असतो. तेव्हा गिअरचं नाजूक काम नेलंत तर चांगल्या माणसाकडूनही घाईचं काम होईल. रविवारी सकाळीही नको, रामटेककडे किंवा फुटाळ्याला फिरून, तर्री पोहे खाऊन परतणारे सगळे एकदम टेकतात. मंगळवार-बुधवारची संध्याकाळ बघा, मिस्त्रीला तुमच्याशी बोलायला सवड असते. पावसाळा संपल्यावर, नवरात्राच्या सुमारास पूर्ण सर्व्हिसिंग करून घेतली तर हिवाळाभर, म्हणजे आपल्याकडच्या खऱ्या सायकलच्या मोसमात, त्रास होत नाही.

बिलाचा मुद्दा सोडू नका. नुसता आकडा म्हणजे बिल नव्हे. कुठला पार्ट, कुठल्या कंपनीचा, किती गिअरचा, त्याची किंमत आणि मजुरी वेगळी, एवढं लिहिलेलं पाहिजे. काढलेले जुने पार्ट परत मागायचे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मागूनही बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणंही त्यातच येतं. बिलावर माल परत घेण्याची मुदत दिली नसेल तर ती तीस दिवसांची धरली जाते. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी सदोष मालाला लागू पडत नाही. दुरुस्तीतला निष्काळजीपणा म्हणजे सेवेतली त्रुटी, तिचीही तक्रार होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही. पण बावीसशे रुपयांसाठी मी तुम्हाला थेट तिथे पाठवणार नाही. आधी त्या दुकानदाराकडे परत जा. गर्दी नसताना जा, आवाज न चढवता सांगा. बऱ्याचदा मजुरी न घेता पुढचं काम करून मिळतं, कारण आपल्या शहरात गिऱ्हाईक तोंडातोंडीच येतं आणि तोंडातोंडीच तुटतं, हे त्यालाही कळतं.

ग्राहकाकडून एकच गोष्ट मागतो: निदान घेऊन येऊ नका, तक्रार घेऊन या. "डिरेलर सेट करून द्या" म्हटलं की मिस्त्री डिरेलरच सेट करतो, दोष कॅसेटमध्ये असला तरी. "मधल्या गिअरवर, चढावर, उभं राहून पॅडल मारलं की झटका येतो" असं सांगितलं तर त्याला शोधावं लागतं. आवाजाचा व्हिडिओ काढून नेला तर अजून चांगलं. आणि चिखलाने माखलेली सायकल नेऊ नका. काळी माती वाळली की दगड होते, तिच्याखाली फ्रेमची चीर लपते आणि सैल स्पोकही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर असं करा. ब्रेक आजच पुसून घ्या. या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी त्या दुसऱ्या दुकानात एकट्या जा, मोठ्या चकतीवर आणि मधल्या चकतीवर चढावर काय होतं ते त्याला सांगा, आणि नुसत्या कॅसेटचे नव्हे, पुढच्या, पॅडलजवळच्या चकतीचे दातही बघायला सांगा, कारण तेही झिजलेले असू शकतात. आठ गिअरला बहुधा कॅसेट असते, पण काही स्वस्त सायकलींना तिच्या जागी आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील येतं. दोन्हींचा पाना वेगळा, पार्टही वेगळा, म्हणून चाक काढून पाहिल्याशिवाय पार्ट मागवू देऊ नका. नवी चेन तशीच ठेवायची, ती थोडे दिवसच चालली आहे. किंमत आधी लिहून घ्या. तो ऐकून घेत असेल, चालवून पाहत असेल आणि तुमच्याशीच बोलत असेल, तर काम त्यालाच द्या. पुन्हा भावाकडे तोंड करून बोलायला लागला, तर सायकल घेऊन निघा आणि पुढच्या दुकानात तीच तक्रार याच शब्दांत सांगा.